कोरं बदक

पाऊस नाही हे दोन वर्षं सगळ्यांचंच दुखणं होतं, पण कातारी आबांच्या घरात त्याची तऱ्हा निराळी होती. शेतवाल्याचं पीक करपतं ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं, चार लोक हळहळतात. कातकाम करणाऱ्याचं लाकूड तडकतं ते त्याला एकट्यालाच ऐकू येतं. खेळण्याचं लाकूड सावलीत ठेवून, ओल्या पोत्यानं झाकून, लाडानं वाळवायचं असतं. या वर्षी वारा असा सुटला होता की ओंडका वरून वाळायचा आणि आतून ओला राहायचा. मग भर दुपारी पडवीत 'टर्र' असा आवाज व्हायचा. आबा जेवत असले तर घास हातात धरून थांबायचे.

"गेलं," म्हणायचे. "आणखी एक गेलं."

फुटलेलं लाकूड सून चुलीत घालायची. त्या वेळी आबा चुलीकडे पाठ करून बसायचे. सरपण मात्र झकास जळायचं, आणि तेच तिला जिवावर यायचं.

मुलगा शहाणा होता, म्हणजे बापाच्या मते वेडा होता. त्यानं वस्तीबाहेरच्या फर्निचरच्या कारखान्यात काम धरलं होतं. तिथं यंत्र विजेवर चालायचं, लाकूड कुठूनतरी ट्रकमधून यायचं, आणि दिवसभर पलंगाचे पाय कातायचे, एकासारखा एक. संध्याकाळी तो केसांत भुसा घेऊन घरी आला की आबा विचारायचे, "काय, किती पाय केलेस?"

"मोजले नाहीत."

"आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या पोरं जागी ठेवायचा धंदा केला," आबा भिंतीला सांगायचे. "आणि हा लोकांना झोपवतोय."

मुलगा हसायचा नाही आणि चिडायचाही नाही. त्याच्या पायांवर चूल चालत होती हे दोघांनाही ठाऊक होतं.

घरातलं यंत्र दोरीचं होतं. मधल्या दांड्याला दोरीचे वेढे, समोर बसून एकानं दोरी ओढायची, सोडायची, पुन्हा ओढायची. दुसऱ्यानं फिरत्या लाकडाला पटाशी लावायची. लग्न होऊन आल्यापासून दोरी सुनेकडे. पहिल्याच दिवशी आबांनी तिला सांगितलं होतं, "दोरी ओढणाऱ्यानं माझ्या हातांकडे बघायचं नाही. बघितलंस की ओढ चुकते. कानानं ओढ." ती कानानं ओढायला शिकली होती. पटाशी कुठं खोल गेली, कुठं घसरली, गाठ कुठं लागली, सगळं तिला आवाजावरून कळायचं. तळहातांना घट्टे पडले होते. आता महिना झाला, दोरी खुंटीला टांगलेली होती, आणि ती दोन मैलांवरच्या टाकीवरून पाणी आणत होती. घट्टे मऊ पडायला लागले होते आणि मान दुखायला लागली होती.

अशा दिवसांत एका दुपारी चित्र काढणाऱ्या बाई आल्या. डोक्यावर कडेची टोपी, खांद्याला पिशवी, काखेत घडीचं स्टूल.

"आजोबा, तुम्हीच ना खेळणी करणारे?" बाईंनी दारातूनच विचारलं. "मी जुन्या खेळण्यांचं पुस्तक करतेय. हातानं काढलेल्या चित्रांचं. तुमच्याकडे बघायला मिळतील?"

आबांच्या अंगात वीस वर्षांचा पोरगा शिरला. "या या या! अगं सूनबाई, पाणी आण. बसा ना बाई. खेळणी? अहो, खेळण्यांचंच घर आहे हे." आणि ते फळीकडे वळले.

फळीवर एक चाक होतं. खालची आर, म्हणजे खिळा, नसलेला भोवरा होता. घोड्याचा एक पाय होता. बाकी फळीभर कोळ्यानं संसार थाटला होता.

आबांनी भोवरा उचलला, खाली ठेवला. चाकाची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली. "असं आहे बाई, माल राहतच नाही. केला की हातोहात जातो. परवाच एक जण येऊन सगळं घेऊन गेला."

"हो का," बाई म्हणाल्या. त्यांनी जाळ्यांकडे बघायचं टाळलं. ते टाळलेलंही आबांना दिसलं.

सून पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. आबांची मान मागून कानांपर्यंत लाल झालेली तिनं पाहिली. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस म्हातारपणी परक्या बाईसमोर खोटं बोलत होता आणि तेही धड जमत नव्हतं. तिला ते बघवेना. तांब्या ठेवून ती आत गेली. ट्रंक उघडली, लग्नातल्या साडीखाली हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेली वस्तू बाहेर आणून बाईंच्या पुढ्यात ठेवली.

"हे एक आहे," ती म्हणाली.

ते बदक होतं. पोटाखाली दोन चाकं, पुढं दोरी बांधायला भोक, मुठीएवढं अंग आणि लिंबाएवढं डोकं. चाकांची भोकं मुद्दाम मध्यापासून जरा बाजूला पाडलेली. त्यामुळं ओढलं की ते डुलत डुलत, ढुंगण हलवत चालायचं. अंगावर रंगाचा ठिपकाही नव्हता. नुसतं कोरं लाकूड, हाताळून हाताळून मधासारखं झालेलं.

आबा बघतच राहिले. "हे अजून आहे?"

सून फडक्याची घडी घालत राहिली.

घराची रीत अशी होती की बाजारात जाणाऱ्या खेळण्यावर लाखेचा रंग चढायचा, पण घरातल्या पोराचं खेळणं कोरं ठेवायचं. पोर ते तोंडात घालणार, चावणार, चाटणार. मग पोर मोठं झालं, त्याचं मन त्या खेळण्यावरून उडालं, की ते पुन्हा यंत्रावर चढवायचं, वरचा पापुद्रा काढायचा, लाख लावायची आणि विकून टाकायचं. लाकूड वाया जाता कामा नये. आबांचा भोवरा असाच कुणाच्यातरी खिशात गेला होता. मुलाचा घोडाही गेला. सुनेच्या मुलीचं, चिमीचं, बदक तेवढं राहिलं, कारण चिमीचं मन त्याच्यावरून उडालंच नाही. त्याआधीच ताप आला आणि सव्वा वर्षाची पोर हातातून गेली.

फोटो काढायचा राहिला होता. उद्या काढू, परवा काढू करता करता. कपडे नणंदेनं नेले. घरात चिमीचं नाव निघेनासं झालं. कुणी ठरवून नव्हे, पण आधी एकानं टाळलं, मग दुसऱ्यानं. उरलं ते बदक. आणि बदकाच्या डोक्यावर चिमीचे दात. दात येताना हिरड्या शिवशिवायच्या तेव्हा ती बदकाची मान मुठीत धरून त्याचं डोकं करकरा चावायची. खालचे दोन, वरचा एक, आणि एक नुकता फुटत असलेला. सून कधीमधी ट्रंक उघडायची. बघायची नाही. डोळे मिटून अंगठा फिरवायची. अंगठ्याला खळगे लागले की आपल्याला मुलगी होती हे खरं वाटायचं.

बाईंनी बदक तळहातावर घेतलं. फिरवलं. जमिनीवर ठेवून ओढलं तशी त्या मोठ्यानं हसल्या. "अहो, हे चालतंय बघा कसं! आमच्या मुख्याध्यापिका अश्शाच चालायच्या."

आबाही हसले. मग बाईंनी डोकं जवळ धरलं. "हे दात ना? कुणाचे?"

"घरातल्या पोरीचे," सून म्हणाली.

"कुठंय ती?"

"बाई, चहा घेणार ना?" आबा मध्येच मोठ्यानं म्हणाले, "घेणारच! न घेऊन सांगता कुणाला," आणि दूध बघायला स्वतः उठून गेले. बाईंना काय कळायचं ते कळलं असावं. त्यांनी पुढं विचारलं नाही. स्टूल मांडलं, जाड कागद मांडीवर घेतला आणि पेन्सिलीला टोक काढलं.

सून उंबऱ्यावर बसून बघत राहिली. बाई रेघ ओढायच्या, थांबायच्या, बदकाकडे बघायच्या, पुन्हा रेघ. आधी चाकं उमटली. डाव्या चाकाची झिजलेली कड उमटली. मग अंग आलं, आणि अंगावरची लाकडाची एक एक रेघ, पोटाजवळची डोळ्यासारखी गाठसुद्धा. सून जरा पुढं सरकली. बाईंना एवढं दिसतं तर दातही दिसतील. ते कागदावर उतरतील. आणि ते उतरायला हवेच होते, कारण या वाऱ्यानं बदकाच्या डोक्यातही केसाएवढी चीर पडली होती. गेल्या आठवड्यात अंगठ्याला ती लागली तेव्हा तिनं बदक आणखी एका फडक्यात गुंडाळलं होतं. लाकूड काय, आज आहे उद्या टर्र. कागद तडकत नाही.

ऊन पडवीतून उतरलं तेव्हा मानेच्या वर नुसतं एक पुसट वर्तुळ होतं.

"डोकं उद्या करते," बाई हात झटकत म्हणाल्या. "सकाळचा उजेड हवा. डोक्यातच सगळी गंमत आहे."

हे वाक्य आबांनी ऐकलं. बाईंना काय म्हणायचं होतं आणि कातकाम करण्यात जन्म गेलेल्या माणसाच्या कानात काय शिरलं, यात जमीन-अस्मानाचं अंतर होतं. पण ते त्या क्षणी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी मुलगा आला. फळीवर बदक पाहून तो पायांतली चप्पल न काढता तसाच उभा राहिला. मग त्यानं हात धुतले, बदक उचललं, आणि निखारा उचलल्यासारखं लगेच ठेवून दिलं. जेवताना आबांची गाडी सुरू झाली.

"पुस्तकात जाणार म्हणजे गावोगाव जाणार. लोक काय म्हणतील? याच्या घरी लाखेची कांडी नव्हती का? कोरं, चावलेलं, डोकं फुटायला आलेलं."

"असू द्या ना आबा," सून म्हणाली. "बाईंना तसंच हवंय."

"बाईंना काय! पाहुण्यानं उष्टं मागितलं म्हणून आपण उष्टं वाढायचं का?"

"तसंच राहू द्या," ती पुन्हा म्हणाली. का, ते सांगायचं तिच्या जिभेवर आलं होतं. पण त्यासाठी चिमीचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि नवरा ताटात मान घालून बसला होता.

आबा नुसते "हं" म्हणाले. आबांचा हुंकार म्हणजे होकार नव्हे, हे एवढ्या वर्षांत तिला कळायला हवं होतं.

ती बदक ट्रंकेत ठेवायला उचलणार तेवढ्यात आबा म्हणाले, "राहू दे गं फळीवर. एक दिवस तरी फळी भरल्यासारखी दिसू दे." तिनं बदक फळीवरच ठेवलं.

सकाळी टाकीवर रांग ही अशी लांब. पुढं दोन बायकांची घागरीवरून जुंपली, त्यांना सोडवण्यात आणखी वेळ गेला. डोक्यावर घागर आणि कमरेवर कळशी घेऊन ती परत आली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. गल्लीच्या तोंडाशीच तिला वास आला. तापलेल्या लाखेचा, गोडसर, नाकात बसणारा. एक क्षण तिला आनंदच झाला. काम आलं वाटतं कुठूनतरी. मग मागोमाग आवाज आला, सर्र जाणारी दोरी, सर्र येणारी दोरी. पटाशीचा नव्हे, सुकलेलं पान रंगावर घासून चकाकी काढतात त्याचा. म्हणजे काम संपत आलं होतं. तिचे पाय भरभर उचलू लागले आणि पाणी डचमळू लागलं.

पडवीत तिच्या जागेवर नवरा बसला होता, हातात दोरी. कारखान्यात वीज नाही म्हणून घरी परतलेला. आबांनी यंत्रावरून काहीतरी सोडवलं, त्याला चोच बसवली, मानेत खुंटी ठोकली आणि वर धरलं.

"बघ!" त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "बघ आता!"

डोकं लालभडक होतं. मानेला पिवळा पट्टा. अंगही कातून हिरवं केलेलं. उन्हात असं चमकत होतं की डोळ्यांना टोचत होतं.

सुनेनं कळशी खाली ठेवली. मग दोन्ही हातांनी घागर उतरवली. थेंबही सांडू दिला नाही. ते अंगवळणीच पडलं होतं. मग तिनं विचारलं, "भुसा कुठंय?"

"कसला भुसा?"

"डोक्याचा. काढलात तो."

"तो होय! त्यावर चहा केला," आबा म्हणाले. "तुझ्यासाठीही ठेवलाय बघ झाकून."

ती आत गेली. चुलीत पांढरी राख होती. चहा खरंच झाकून ठेवला होता. ती चुलीपुढं बसली आणि राखेत बोटं घातली, मग आपण हे काय करतोय असं वाटून बाहेर काढली. मागून नवरा आला.

"तुम्ही दोरी ओढलीत," ती म्हणाली.

"आबा म्हणाले ओढ."

"तुम्हाला दिसलं नाही ते काय काततायत ते?"

"दोरी ओढणारा हातांकडे बघत नाही."

ती वळली आणि त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं नजर खाली घातली.

"बघितलं," तो म्हणाला. "पहिल्या ओढीलाच बघितलं. हात थांबलाही. मग म्हटलं, होऊ दे एकदाचं. मी घरात नसलो की तू ट्रंकेत डोकं घालून बसतेस. मला काय कळत नाही? मला वाटलं, ते गेलं की तू तरी सुटशील."

"मला विचारायचं होतंत."

"काय म्हणून विचारू? तिचं नाव तरी घेता येतं का या घरात?"

तिनं झाकलेला चहा त्याच्याकडे सरकवला, त्यानं परत तिच्याकडे सरकवला, आणि तो तसाच गार झाला.

बाहेर बाईंचा आवाज आला. आबांची लगबग ऐकू आली.

"या बाई, बसा. उजेड कसा पडलाय बघा, तुम्हाला पाहिजे तस्साच. आणि हे घ्या!"

सून दाराशी येऊन उभी राहिली. बाई बदक हातात धरून स्टुलावर बसल्या होत्या. कुणाच्या घरी जेवायला जावं आणि ताटात खडे निघावेत, पण यजमान समोर हसत उभा असावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"आजोबा, हे कालचं...?"

"तेच! ओळखू आलं नाही ना?" आबांनी मांडीवर थाप मारली. "अहो, हात बसलेला आहे."

"सुंदर झालंय," बाई म्हणाल्या. त्यांनी काढलेली पेन्सिल हळूच डबीत परत ठेवली. "पण मला ते जुनंच हवं होतं. ते दात होते ना त्यावर."

"दात? दात घालवले की! हात फिरवून बघा. खूण लागली तर नाव बदलेन."

बाईंनी हात फिरवला नाही. आबा एकदा त्यांच्याकडे, एकदा डबीकडे बघायला लागले. त्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण आतून कुणी काढून घेतल्यासारखं. आदल्या दिवशी फळीपाशी झाली होती तशी त्यांची मान पुन्हा लाल व्हायला लागली. या खेपेला सून आत वळली नाही.

"आबा," ती म्हणाली, "ते चिमीचे दात होते."

चिमी. पडवीत तो शब्द पडला. नवरा तिच्या मागं येऊन उभा राहिला होता, त्याचा श्वास तिला ऐकू आला.

"माहीत आहे मला," आबा म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. "कुणाचे ते मला माहीत नाही होय? मीच दिलं होतं तिच्या हातात. कोरं राहिलं म्हणजे काम अर्धं राहिलं. तेच खुपत होतं गं मला. वाटलं, आता पुस्तकात निघालंय, तर पोरीला चांगलं सजवून पाठवावं. दुसरं काय येतं मला?"

"माझ्याकडे तेवढंच होतं," सून म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. हुंदके देऊन, नाक ओढत, परक्या माणसासमोर. इतकी वर्षं ट्रंकेपाशी जे आलं नव्हतं ते सगळं आलं.

आबा उठायला गेले आणि अर्ध्यातच बसले. भरल्या घरात हातातून भांडं पडून फुटावं आणि सगळ्यांनी आपल्याकडे बघावं, तसे ते बसले होते. बाई पिशवी आवरायला लागल्या होत्या. अशा वेळी परक्यानं निघून जावं हे बरं, असं त्यांना वाटलं असणार.

"बाई," आबा एकदम म्हणाले. "जाऊ नका. कालचा कागद काढा."

बाईंनी कागद काढला. कालचं बदक त्यावर जसंच्या तसं उभं होतं, फक्त मानेच्या वर ते रिकामं वर्तुळ.

आबा सरकत सरकत त्यांच्या शेजारी जाऊन बसले. "डोकं हे एवढं नव्हतं. आता बारीक झालंय, त्याच्यावर जाऊ नका. एक सूतभर मोठं काढा. हां. आता बघा, मी पटाशी लावायच्या आधी अंगठा फिरवला होता. सगळीकडून फिरवला, कुठं किती काढायचं ते बघायला. मी सांगतो, तुम्ही काढा." त्यांनी डोळे मिटले आणि अंगठा हवेत फिरवायला सुरुवात केली, जणू डोकं अजून चिमटीतच होतं. "डोक्याच्या मागं, मानेपासून बोटभर वर, दोन. शेजारी शेजारी."

"खालचे," सून डोळे पुसत म्हणाली.

"खालचे. त्यातला डावा खोल."

"उजवा," सून म्हणाली.

"डावा."

"उजवा होता आबा. किती वेळा हात लावलाय मी."

"तुझा उजवा की बदकाचा उजवा?"

"आता माझा आणि बदकाचा वेगळा असतो का?"

"बदक समोर तोंड करून असलं तर असतो की!"

बाईंना हसू आवरेना. त्यांनी ओठ दाबले आणि सुनेकडे बघून उजवा जरा गडद केला. आबा पुटपुटले, पण पुढं गेले. "माथ्यावर एक. हा आडवा, घसरलेला. आणि त्याच्याजवळ एक नुसतं टिंब."

"तो फुटत होता," सून म्हणाली. "शेवटी शेवटी."

"चोचीच्या मुळाशी एक ओरखडा आहे," दारातून नवरा म्हणाला. सगळ्यांनी मागं बघितलं. तो चौकट धरून उभा होता. "तो दाताचा नाही. ती बदक दोरीनं ओढत होती आणि मी गंमत म्हणून दुसऱ्या टोकानं धरलं. तर ते उंबऱ्यावर आपटलं. चिमी अशी रागावली होती माझ्यावर." आणि तो हसला, आणि हसता हसता बाहीनं तोंड पुसलं.

बाई काढत होत्या, खोडत होत्या, पुन्हा काढत होत्या. कुणीतरी म्हणायचं, जरा वर. कुणीतरी म्हणायचं, एवढा नाही. ती केसाएवढी चीरही आली, सुनेनं सांगितली. डोक्यावर उजेड आला, सावली आली. आणि मग सांगायचं कुणाकडे काही उरलं नाही. बाईंनी कागद सुनेच्या हातात दिला.

तेच होतं. हुबेहूब तेच. सुनेनं ते बघितलं, खूप वेळ बघितलं. मग सवयीनं तिचे डोळे मिटले आणि अंगठा कागदावर फिरला. एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला. कागद गुळगुळीत होता.

"छान आहे," ती डोळे उघडत म्हणाली. "अगदी तसंच आहे, बाई." आणि मग राहवलं नाही म्हणून म्हणाली, "हाताला लागत नाही एवढंच."

बाईंना ते समजलं नाही. आबांना समजलं. ते फळीपाशी गेले आणि हत्यारांच्या डब्यातून टोचा काढला. बोथट टोकाचा, खेळण्यांना डोळे पाडायचा. लाकडाचा एक सपाट तुकडा मांडीवर घेतला, त्यावर जुना सदरा घडी करून ठेवला, आणि हात पुढं केला.

"कागद जाड आहे ना, बाई?"

"आहे जाड, पण आजोबा, ते छापायला..." बाई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी आबांकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "असू दे. पुस्तकात मी ते लाल बदक काढते. हे तुमचं."

आबांनी कागद सदऱ्यावर ठेवला. त्यांनी टोक एका दातावर टेकवलं आणि दाबलं, लाकडाला डोळा पाडतात तसं नव्हे, झोपलेल्या पोराच्या गालाला बोट लावावं तसं. मग दुसरा. इथं जरा जास्त दाबलं. मग माथ्यावरचा आडवा, ओढत, घसरवत. टिंबाला नुसतं टेकवलं. वारा पडवीतून येत होता म्हणून मुलगा पुढं झाला आणि त्यानं कागदाचे कोपरे दोन्ही हातांनी धरून ठेवले. या खेपेला तो बापाच्या हातांकडे टक लावून बघत होता.

आबांनी कागद सुनेपुढं धरला.

तिनं पदराला बोटं पुसली. डोळे मिटले. अंगठा मानेपासून बोटभर वर नेला, आणि थांबला. मागं आला, पुन्हा गेला. दोहोंतल्या खोल खळग्यात जाऊन तो तिथंच टेकून राहिला.

"डावा," ती म्हणाली. "आबा, डावाच खोल होता."